तेल उतरवून आलेल्या शैलाताई

शैलाताई पोहायला शिकल्या त्या साताऱ्याकडच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. पासष्टी उलटली तरी पाणी दिसलं की बाईंना दम निघत नाही. जर्मनीत कार्ल्सरूहेला लेकाकडे येऊन त्यांनी सगळं पाहून घेतलं, राहिल्या त्या फक्त गोड्या पाण्यातल्या जेलीफिश. ऱ्हाइन नदीच्या जुन्या पात्रातल्या तळ्यात त्या उन्हाळा चांगला तापला तरच दिसतात. यंदा जुलैभर गारठा. कुणाला तरी दिसल्या त्या थेट काल. आणि शैलाताईंचं परतीचं विमान उद्या.

सून वल्लरी तळ्यांवरच डॉक्टरेट करते. आज तळ्याच्या काठावर सासूबाईंनी टॉवेल बाजूला केला, तर अंग नुसतं चकाकतंय.

"आई, हे काय?"

"खोबरेल. पाण्यात उतरायचं म्हणजे तेल नको?"

"नको. तवंग येतो. मी लोकांना सनक्रीम लावू देत नाही, आणि सासूला सोडू?"

"मग त्या शॉवरखाली जाते."

"नुसत्या पाण्यानं खोबरेल निघतं का? आणि इथे साबण चालत नाही."

सुनेचं बरोबर होतं, म्हणून शैलाताईंना जास्तच राग आला. "मग बघत काय उभी राहिलीस? काढ सायकल."

घरी लेकानं, हृषिकेशनं, दारातच विचारलं, "झालं एवढ्यात?"

"बाजूला हो," म्हणत त्या डाळीच्या पिठाचा डबा घेऊन न्हाणीत घुसल्या. पीठ चोळलं, साबण लावला, पुन्हा पीठ चोळलं. तळ्यावर परतेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

"हात मागे बांधा," वल्लरी म्हणाली. "जेलीफिशचे डंख आपल्या कातडीत शिरत नाहीत. पण आपल्या हातानं त्या फाटतात. आणि तळाला पाय नको, गाळ उठतो."

मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यात उतरल्यावर दिसलं ते नुसतं हिरवं पाणी. शैलाताई तरातरा पाय मारत पुढे निघाल्या. वल्लरीनं खांद्याला धरून थांबवलं. "आई, नुसतं तरंगा हो."

जन्मात न जमलेली गोष्ट. तरी त्या निपचित पडून राहिल्या.

मग एक आली. नाण्याएवढी, आरपार दिसणारी, तेलातल्या पुरीसारखी टम्म होत वर वर येणारी. वर आली, पसरली आणि अलगद खाली उतरली. मागून दुसरी. मग खाली, बाजूला, सगळीकडेच. एक थेट मास्कच्या काचेपाशी येऊन टेकली. शैलाताईंचा हात शिवशिवला. त्यांनी स्वतःचंच मनगट पाठीमागे घट्ट धरलं आणि नळीतच हसल्या. नाकातोंडात पाणी गेलं.

डोकं वर काढून खोकत होत्या, तोवर वल्लरी म्हणाली, "चला आता, ओठ निळे पडलेत. बॅग भरायचीय."

"तू हो पुढे. हृषिकेशला सांग भरायला," असं म्हणून बाईंनी तोंड पुन्हा पाण्यात घातलं.