मावशीचा शुक्रवार

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी आठ वाजता, आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. तिच्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस झालं नाही तर पाय सुजतात, दम लागतो. त्या दिवशी ती प्रवरेकाठच्या गावाहून पहिल्या एसटीनं आली, तर मशीन चालवणारा म्हणाला, "मावशी, एक मशीन बिघडलंय. तुमचा शुक्रवार कटला. आता मंगळवारी या."

"माझाच का?"

"वरून ठरलंय."

मी सोबत होते. विचारलं, "वर म्हणजे कुठं? गच्चीवर?"

तो हसून मशीनकडे वळला. खरं काय ते बाकावर बसलेल्या बायकांनी सांगितलं. मशीन बिघडल्याचं आदल्या दिवशीच बाहेर फुटलं होतं, आणि आमच्याकडे काहीही अडलं की करतात तेच सगळ्यांनी केलं: आपापला पुढारी गाठला. एकाच्या मागं झेडपीचा मेंबर, दुसऱ्याच्या मागं साखर कारखान्याचा संचालक. एका लेकुरवाळीचा भाऊ पुढाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. सगळ्यांसाठी दवाखान्यात फोन आले. जिच्यासाठी आला नाही, तिचा शुक्रवार गेला. एवढंच ते 'वरून'.

आमच्यासोबत आलेल्या मामानं तिथंच मोबाईल काढला. "आपनबी लावू की. आमदाराचा पीए माझ्या वळखीचा हाय."

मावशीचे पाय टम्म फुगले होते. म्हणाली, "लाव. मंग माझ्या जागी कोन घरी जाईल?"

"ते आपन कशाला बघायचं?"

"ज्यांनी मला काढलं, तेबी आसंच म्हनले आसतील. ठेव तो फोन खिशात."

मला तिचाच राग आला. जीव हिचा धोक्यात, आणि ही दुसऱ्यांची काळजी करत बसलीय! पण ती उठली. भिंतीला धरत डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"डाक्टर, मला पयला नंबर नको. कुनाचं थांबलं तर चालंल आन् कुनाचं न्हाई, ते सगळ्यांम्होरं सांगा. मंग जाते घरी."

डॉक्टर वैतागले. "अहो, असं चारचौघांत सांगायचं नसतं."

"मंग फोनवर सांगायचं आसतं व्हय?"

सगळा बाक हसला. मी म्हणाले, "कुणाला काय झालंय ते नका सांगू. नियम काय, तेवढं सांगा." कारखान्याच्या संचालकाचा फोन आणलेले रिटायर्ड गुरुजी खाली मान घालून बसले होते. तेही म्हणाले, "सांगा डॉक्टर. फोन जावयानं केलाय, मी नाही."

डॉक्टरांनी एकेकाला आत घेऊन तपासलं. मग बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं: ज्याला श्वास पुरत नाही आणि रक्ताचा रिपोर्ट वाईट आहे, तो आधी. त्यानंतर, ज्याचं डायलिसिस होऊन जास्त दिवस झालेत तो. फोन मोजणार नाही.

त्या नियमानं पहिला नंबर लागला लेकुरवाळीचा. तिला फोनची गरजच नव्हती. गुरुजी रविवारवर गेले, तोंड वाकडं करून का होईना. मावशीला शनिवारची पहिली पाळी मिळाली. तिचा शुक्रवार काही परत आला नाही. ती त्या दिवशी तालुक्यातल्या माझ्या खोलीवर राहिली, डायलिसिस लांबलं म्हणून घोट घोट पाणी मोजून प्यायली आणि म्हणाली, "पाय लई ठनकत्यात गं. पर का थांबले ते ठावं हाय."

मी मात्र कुणाचे आभार मानले नाहीत. मशीन वेळेवर दुरुस्त करणं सरकारचं काम आहे, उपकार नाही. आणि मशीन कमी असतील तोवर कुणीतरी थांबणारच. पण कोण थांबणार, हे बंद खोलीत, फोनवर ठरणार असेल तर ती सरळ सरळ चोरी आहे. आम्ही तो नियम कागदावर लिहून दवाखान्याच्या दारावर चिकटवला. कुणीतरी फाडला. पुन्हा चिकटवला, पुन्हा फाडला. आता खळ मावशीच घरून डब्यात आणते.

आता तुम्ही. घरचं माणूस आजारी पडलं म्हणून पुढाऱ्याला फोन लावू नका. तुमच्या फोननं कुणीतरी बाकावरून उठून घरी जातं. त्यापेक्षा उद्या सकाळी तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात जा. मशीन असो, खाट असो, सरकारी योजनेतलं ऑपरेशन असो, कुणाचा नंबर आधी आणि कशामुळं, हे दारावर लिहिलंय का बघा. नसेल तर लिहायला लावा, आणि लिहीपर्यंत तिथून हलू नका.