चिंचोक्याची गवरी

माझी माय टमाट्याचं बी गवरीत ठेवायची. झाडावरचं एक चांगलं फळ पार पिकू द्यायचं, कुणी तोडू नये म्हणून त्याला लाल चिंधी बांधायची. मग बी धुऊन, सुकवून, राखेत घोळायचं, शेणात कालवायचं आणि गवरी थापायची. तसं बी किडत नाही. ओळखू यावी म्हणून त्या एका गवरीच्या मधोमध चिंचोका दाबायचा. मृगात ती फोडली की वाफा तयार.

हे बी मामानं आणलेलं. मामा बीडला निजामाच्या तालुकदार साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. फळं चपटी, खोल रेघांची, आंबटढाण. सिंदफणेकाठच्या आमच्या गावात ती दुसऱ्या कुणाकडं नव्हती. त्यांचा रगतासारखा लालभडक रंग बघून निम्मं गाव नाक मुरडायचं. शेजारची मावशी मात्र दर साली बी मागायची.

मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून मायकडं आले होते. जे आपलं हाय ते हातचं जाऊ द्यायचं न्हाई, एवढंच डोक्यात. त्या फाल्गुनात शेवटी माय मावशीला चार बिया द्यायला निघाली, तर मीच तिचा हात धरला. "कावून देतीस? उद्या गावभर होईल, मग आपलं काय ऱ्हाईलं?" सगळं बी शेणात कालवून मायनं गवरी भिंतीवर थापली. मावशी रिकाम्या हातानं गेली. लई तोरा होता मला, आज लाज वाटते.

चैत्रात मायला ताप चढला. चौथ्या दिवशी म्हणाली, "बी जप गं बाई. भिंतीवरच हाय." मी म्हणलं, "जपते माय." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

गावातले लोक जमले. कुणीतरी विचारलं, "गवऱ्या कुठं हायेत?" मी रडत भिंतीकडं हात केला. "समद्या न्या. माझ्या मायला काही कमी पडू देऊ नका."

तिसऱ्या दिवशी अंगण झाडताना वर बघितलं. भिंतीवर नुसते गोल डाग. भाऊ राख सावडायला निघाला होता. त्याच्या मागं धावले, "चिंचोक्याची गवरी ऱ्हाईली का बघ रे!" त्याला वाटलं, माझं डोकं फिरलं. काहीच राहिलं नव्हतं. वाफ्यातली झाडं तर उन्हानं कधीच वाळली होती.

तेराव्यानंतर मावशी पिठलं-भाकरी घेऊन आली. मला खाऊ घालून बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग हळूच म्हणाली, "आता तरी चार बिया दे गं. माझ्या दारात तुझी माय दिसत ऱ्हाईल."

हुंदके देत मी नुसती मान हलवत राहिले. मावशीला वाटलं, मी ह्या खेपेलाही नाहीच म्हणते.

"ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली, आणि रिकामं भांडं उचलून निघून गेली.