दोन शब्द, मावशींच्या विरोधात

लोहगडवाडीच्या ग्रामसभेत मी टपरीवाल्या मावशींच्या विरोधात बोललो, तेही त्यांचीच पिठलं-भाकरी पोटात असताना. गडाखालची टपऱ्यांची जागा बाहेरच्या एका हॉटेलवाल्याला द्यायची का, असा विषय होता. दिली, तर मावशींची टपरी उठणार होती. सरपंच मला उगाच म्हणाले, "पाहुणं, तुमीबी दोन शब्द बोला." बोललो. बाजार मोकळा सोडावा, टिकेल तो टिकेल, कोरिया असाच कष्टानं वर आला, वगैरे. हॉटेलवाल्यानं एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

मला गड दाखवायला घेऊन आलेले माझे भावोजी शेजारी बसले होते. तळेगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस देशांच्या प्रगतीवरून जितका चिडतो, तितकं घोरावाडीपासून लोणावळ्यापर्यंत कुणी स्वतःच्या जावयावरही चिडत नसेल. चिक्कीवाला एकदा "जपानी लोक फार शिस्तीचे" एवढंच म्हणाला, तर यांनी गिऱ्हाइकं खोळंबवून त्याला जपानची जकात समजावली. तो अजून यांना पाहिलं की मागच्या खोलीत जातो. ताईनं कोरियन मोबाइल घेतला, तेव्हा "यात अमेरिकेचा गहू आहे" म्हणून हे कित्येक दिवस त्याला हात लावेनात.

ते उठले. बोट माझ्यावर रोखलं. "कष्टानं? नुसत्या कष्टानं वर येता आलं असतं, तर रोज डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या या बाईचे एव्हाना दोन कारखाने झाले असते. कोरियाला अमेरिकेनं धान्य दिलं, पैसा दिला, स्वतःची बाजारपेठ उघडून दिली. कारण पलीकडे तिचा शत्रू बसला होता. तिथल्या सरकारनं बाहेरचा माल अडवला, कारखान्यांना स्वस्त कर्ज दिलं आणि माल परदेशात खपेना की कान पिळले. रांगतं पोर कुणी कुस्तीच्या फडात सोडतं का?" मग तितक्याच रागानं मावशींकडे वळून, "आणि तुम्ही. जागा राखून मिळेल, पण स्वच्छता ठेवावी लागेल. फुकट काही नाही."

"ठिवते की. पन नळ कुटंय?" मावशी म्हणाल्या.

सभा हसली आणि त्या हसण्यातच ठरलं: जागा तूर्त टपरीवाल्यांकडेच, नळ पंचायतीनं आणायचा.

नंतर टपरीवर चहा घेताना भावोजींनी मला हळूच विचारलं, "नळ येईल ना रे?" सबंध कोरिया तोंडपाठ असलेला माणूस एका नळापाशी अगदी केविलवाणा झाला होता.

मावशींनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. "आबा, फुडल्या सभेलाबी या तुमी." मग माझ्याकडे बोट करून त्यांनाच म्हणाल्या, "ह्यास्नी घरी ठिवा."