फोन कटला, की गडी गप्प बसला?

मित्रहो, विरामचिन्हांत माझी चूक निघणे दुर्मिळ. ती आज सकाळी कराडच्या छापखान्यात निघाली.

माझ्या कादंबरीतला जवान चौकीवरून बायकोशी बोलत असतो आणि फोन मध्येच तुटतो. तिथे मी तीन टिंबे दिली होती. अक्षरजुळणी करणारे शिंदेमामा फौजेतून निवृत्त झालेले. संगणकाच्या पडद्याकडे बघत ते म्हणाले, “आवं मॅडम, ह्यो फोन कटला का गडी गप बसला?”

“कटला,” मी तुटकपणे म्हणाले. मराठीतली डॉक्टरेट मी उगाच मिळवलेली नाही.

“मग टिंबं कशाला? वाटतंय, त्यो कायतरी लपवतोय. आमचा फोन कटायचा तवा ‘आईला सांग, मी सु—’ एवढंच घरी पोचायचं. सुट्टीवर का सुखरूप, आमची मंडळी आठ दिस त्याच इचारात!”

मी ते पान पुन्हा वाचले. त्या टिंबांमुळे माझा सरळमार्गी जवान पुस्तकभर खोटारडा ठरत होता.

बदल करायचे म्हटल्यावर प्रकाशक फोनवर म्हणाले, “अहो, उद्या छपाई आहे. एवढं कोण बघतंय?”

“मी बघते,” मी म्हणाले आणि छपाई थांबवली.

दुपारपासून प्रत्येक संवाद नव्याने तपासत आहे. बोलणे तोडले गेले तिथे आडवी रेघ, माणूस स्वतः अडखळला तिथेच टिंबे आणि मनातले विचार अवतरणचिन्हांशिवाय. एकही पान सुटणार नाही.

ज्यांच्या घरचे माणूस सीमेवर आहे, त्यांनी मला सांगावे: फोन तुटला तेव्हा शेवटचा शब्द नेमका कुठे थांबला होता?