झाकण आणि बूड

आदेराल्दोला खाणीवर नावानं कुणी ओळखत नव्हतं. तोंडावर मुकादम आणि पाठ वळली की वरवंटा. दोन्ही त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. नोवा ओलिंदा गावाच्या भोवती, पठाराच्या पायथ्याशी जितक्या खाणी तितके मुकादम. वरवंटा मात्र एकच.

तिथली खाण म्हणजे जमिनीचे पापुद्रे. वरची लाल माती नि मुरूम ओरबाडून काढला की पिवळट दगड लागतो, थरावर थर निजलेला, कुठं बोटाच्या जाडीचा, कुठं वितीचा. आणखी खाली गेलं की तोच दगड निळसर राखाडी होतो आणि हट्टी होतो. काही फरश्यांवर काळी नाजूक झाडं उमटलेली असतात. नवखा माणूस हरखून ती उराशी धरतो, आणि सगळे त्याला हसतात, कारण ती झाडं नसतात, दगडात झिरपलेला गंज असतो. खरं काही निघायचं असेल तर ते न सांगता निघतं. पहारीच्या टोकानं फट शोधायची, छिन्नी लावून हलक्या हातानं ठोकत जायचं. फरशी कधीतरी पोटातूनच उघडते, आणि आत मासा. बोटाएवढा, तपकिरी, शेपटीचा काटान् काटा शाबूत. कधी चतुर, पंखांच्या जाळीसकट. कधी नाकतोडा, तंगडी उचलून, आत्ता उडेल असा. ज्या गावात पिण्याचं पाणी टँकरनं येतं तिथं एके काळी तळं होतं, हे तिथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं.

मासा निघाला की माणसं वाकून बघतात, हात पुसतात, एखादा बिडी पेटवतो. आदेराल्दोला हे खपत नसे. दगडात निघेल ते सरकारचं, असा कायदा आहे. पण त्याचा स्वतःचा कायदा वेगळा होता. ज्याला मासा सापडेल त्यानं तो सगळ्यांसमोर हातोड्यानं फोडायचा आणि पुढच्या फरशीला लागायचं. एका म्हाताऱ्याला तळहाताएवढा पंखवाला किडा सापडला. त्याचा हात काही उचलेना. तर आदेराल्दोनं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि हातोडा खाली आणला. सगळे हसले. हसावंच लागायचं.

तिथं काम जोडीनं चालतं. एक छिन्नी मारतो, दुसरा पहार धरतो. मुकादमाच्या नजरेतून काही वाचलंच तर उघडलेल्या फरशीचं वरचं पान, म्हणजे झाकण, छिन्नीवाल्याचं, आणि खालचं, म्हणजे बूड, पहारवाल्याचं. हाडं कुठल्या पानाला चिकटतील आणि नुसता ठसा कुणाच्या वाट्याला येईल, ते दगड ठरवतो. त्यावरून भांडायचं नाही.

आदेराल्दोचा एकुलता एक मुलगा जांदुई. त्याला मोटारसायकली दुरुस्त करायला शिकायचं होतं. बाप म्हणाला, वंगण चाटणारा माझ्या घरात नको, आणि त्याला खाणीत उतरवलं. जोडीला दिला ओतोनिएल. बाप्तिस्म्याच्या वेळी जांदुईला पाण्यावर धरलं होतं ते ओतोनिएलनंच. तो पोराचा धर्मबाप, आणि त्या नात्यानं बाप नि धर्मबाप एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे, सणाला एकमेकांच्या घरी चवळी-भात जेवायचे. ओतोनिएलला मूल नव्हतं. पोरगा छिन्नी मारायचा, हा पहार धरायचा, आणि दोघं मिळून मुकादमाच्या पाठीमागे त्याच्या चालण्याची नक्कल करायचे.

पाऊस संपता संपता एका सकाळी खाणीची भिंत घामेजली. पिवळ्या थरांच्या मधून पाणी झिरपत होतं. ओतोनिएल म्हणाला, आज खालून कोरायला नको, दोन दिवस सुकू दे. वर ट्रक उभा होता. आदेराल्दो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोंपाद्रे, बाळंतिणीसारखा भिंतीला टेकून बसायचं असंल तर घरी जा. न्हाईतर पोराच्या मागं उभा ऱ्हा, त्यो हाय तुझ्या म्होरं."

जांदुईनं छिन्नी उचलली. धर्मबापाची लाज राखायला तोच आधी आत शिरला. ओतोनिएल त्याच्या मागोमाग.

भिंत खाली आली तेव्हा ओतोनिएलचं एक पाऊल गेलं. जांदुई सगळाच गेला. पोराला बाहेर काढून झाकल्यावर आदेराल्दोनं उरलेल्या माणसांना ट्रक भरायला लावला. का, ते त्याला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. ट्रक उभा होता, एवढंच.

चर्चमध्ये वर्षाची प्रार्थना झाली. त्यानंतर त्याची बायको इरासी हिनं जांदुईची निजायची झोळी उलगडून धुवायला काढली, तेव्हा शर्टात गुंडाळलेली फरशी निघाली. झाकण. बापापासून चोरून ठेवलेलं. त्यावर एक लांबच लांब बोट होतं, माणसाच्या हाताएवढं, आणि बोटापासून फरशीच्या कडेपर्यंत ताणलेली पंखाची पुसट सावली. मानेपाशी दगड संपत नव्हता, पण प्राणी संपत होता.

इरासीनं ती संग्रहालयातल्या बाईकडे नेली. आदेराल्दोला ओझं उचलायला बरोबर घेतलं. बाईनं बराच वेळ भिंग फिरवलं. मग सांगितलं, की हा उडणारा सरडा आहे, असा अजून कुणी पाहिलेला नाही असं तिला वाटतं, पण डोकं दुसऱ्या पानावर गेलंय आणि डोक्याशिवाय तिला काहीच ठामपणे लिहिता येणार नाही. ते पान आणा. मिळालं, आणि प्राणी खरंच नवा निघाला, तर त्याला मुलाचं नाव देता येईल. जगात कुठंही कुणी या प्राण्याबद्दल बोललं की जांदुईचं नाव घ्यावंच लागेल. इरासीनं नाव सावकाश सांगितलं, बाईनं ते चुकीचं उच्चारलं, इरासीनं पुन्हा सांगितलं.

भिंत पडल्यापासून इरासी नवऱ्याशी जेवणापुरतंच बोलायची. त्या संध्याकाळी कॉफी पुढं सारून ती म्हणाली, "बूड ओतोकडं हाय. आण."

गावाच्या टोकाला ओतोनिएलचं घर. दारात खुर्ची, खुर्चीला टेकलेली कुबडी. आदेराल्दो उंबऱ्यापर्यंत आला, टोपी काढली. ओतोनिएलनं त्याला आत घेतलं नाही, बसही म्हटलं नाही. त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाला की ते त्यानं फोडलं. मुकादमाचाच नियम होता, सापडलं त्यानं फोडायचं. त्यानं पाळला.

आदेराल्दो परत गेला. इरासीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोराच्या हातानं निघालेलं ओतो फोडणार नाही, एवढं म्हणून ती चूल फुंकत राहिली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उंबऱ्यावर. त्यानंतर पुन्हा. कधी ओतोनिएल झोपल्याचं सोंग घ्यायचा आणि हा उन्हात उभा राहायचा. कधी त्याची बायको लिंदाल्वा कसाव्याच्या कंदाचं पीठ चाळता चाळता विचारायची, मुकादम, आज कामावर खाडा का, ट्रक नाही का उभा? आदेराल्दो गिळायचा. आयुष्यात कुणापुढं न वाकलेल्या माणसाला वाकायला कुठून सुरुवात करतात तेच कळत नव्हतं.

शेवटी एका सकाळी, गल्लीत टँकर आलेला आणि गावातली अर्धी बायकामाणसं हंडे-बादल्या घेऊन रांगेत, तेव्हा ओतोनिएल आपणहून बोलला.

"देतो. त्या दिवशी मला काय म्हणालात ते मोठ्यानं सांगा. हितं, ह्यांच्यासमोर."

आदेराल्दोनं मान खाली घातली. म्हणाला, "बाळंतिणीसारखा म्हणालो."

"मोठ्यानं म्हटलं मी."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. घामेजलेली भिंत सांगितली, पोराच्या मागं उभा राहा म्हटलेलं सांगितलं. रांग पुढं सरकायची थांबली. एका बाईची बादली भरून वाहत होती, तिनं नळी काढली नाही.

"ट्रकाचं ऱ्हायलं," ओतोनिएल म्हणाला.

"पोराला झाकलं," आदेराल्दो म्हणाला, "आन् ट्रक भरायला लावला."

ओतोनिएलनं कुबडी उचलली आणि तिचं टोक आदेराल्दोच्या चपलेपाशी टेकवलं. "उतरा खाली. त्याच्यावरच उभं हाय तुम्ही. इतके दिस त्याच्यावरच उभं ऱ्हाऊन मागताय."

उंबऱ्याची फरशी. आदेराल्दो असा मागं सरला की जणू तापल्या तव्यावर पाय पडला. ओतोनिएल सांगत होता, आणि आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आपल्या जिनसेबद्दल बोलावं तसं बोलत होता. पोलिसांची गाडी गावात फिरते, घरात सापडलं तर तुरुंग. म्हणून तोंड खाली करून उंबऱ्यात बसवलं. खाली चाळलेली वाळू घातली. दारात कुणी पाणी सांडलं की लिंदाल्वा अजून शिव्या घालते. पोराचं होतं, फोडीन कसा.

"पाठ वर हाय, उन्हानं थर सुटलेत," तो म्हणाला. "आडवीच काढा. आडवीच न्या. खाली पोतं घाला."

लिंदाल्वानं पहार आणून दिली. आदेराल्दोनं कित्येक वर्षांत स्वतः फरशी काढली नव्हती, पण हात विसरले नव्हते. फट शोधली, चारी बाजूंनी थोडं थोडं सैल केलं, बोटं खाली घातली आणि घाई केली नाही. फरशी अख्खी निघाली. वाळू झरझर खाली गेली. पोतं घरात होतं, लिंदाल्वा आणायला वळली, आणि त्याला दम धरवला नाही; त्यानं फरशी कडेवर उभी केली आणि तोंड बघितलं.

डोकं होतं. लांब चोच, सुरीच्या पात्यासारखी, तिच्यात दात नव्हते. डोळ्याची खोबण. आणि डोक्यावरून मागे गेलेला तुरा, इतका पातळ की त्याच्यातून दगडाच्या रेषा दिसत होत्या. आदेराल्दोच्या आयुष्यात शेकडो मासे हातोड्याखाली गेले होते, त्यातला एकही त्यानं असा बघितला नव्हता. त्याच्या तोंडून पोराचं नाव निघालं.

खाणीतला कुठलाही माणूस फरशी कडेवर उभी केली की खांद्यावर घेण्याआधी ती वाजवतो. बोटांची पेरं वळवून दोनदा ठोकायचं. खणखणीत वाजली तर वर जाते, बद्द वाजली तर टाकून द्यायची. हे कुणी ठरवून करत नाही. पापणी मिटावी तसं होतं.

आदेराल्दोनं वाजवलं.

बद्द आवाज आला. त्या आवाजाबरोबर तोंडाकडचा पापुद्रा, नखाएवढ्या जाडीचा, फरशीपासून सुटला आणि भिंतीवरून पोपडा घसरावा तसा सरळ खाली घसरला. तुरा आधी गेला. चोचीचे तुकडे जमिनीवर फुटले, त्यांचे आणखी तुकडे झाले, आणि त्यातले कुठले हाड आणि कुठले नुसता दगड, हे सांगता येईना. त्याच्या हातात कोरी पिवळी फरशी उरली.

लिंदाल्वा पोतं घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. रांगेतल्या बायकांनीही ते बघितलं.

"वाजवलंत," ओतोनिएल म्हणाला. कुबडीच्या टोकानं त्यानं एक तुकडा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "उंबरा उघडा पडलाय. दुसरी फरशी आणा."

आदेराल्दोनं आणली. खाणीतून स्वतः पाठीवर आणली, त्याच्या मागून माणसं बघत होती. गुडघ्यावर बसून वाळू सारखी केली, फरशी बसवली. ओतोनिएलनं कुबडीनं कोपरा दाबून पाहिला आणि डगडगते म्हणाला. त्यानं काढली, पुन्हा बसवली. अजून डगडगते. पुन्हा काढली. खाली सांडलेला चोचीचा चुरा त्याच वाळूत मिसळत गेला, आणि ओतोनिएलनं ते होऊ दिलं.

घरी इरासीनं टेबलावर धुतलेली चादर अंथरली होती आणि तिच्यावर झाकण उताणं ठेवलं होतं. शेजारी तेवढीच जागा मोकळी. तिनं त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, वाळूनं भरलेल्या गुडघ्यांकडे बघितलं. त्याला सांगायचं होतं. वाटेत त्यानं वाक्य जुळवूनही आणलं होतं.

"फोडलंय त्यानं," आदेराल्दो म्हणाला. "कवाच फोडलंय. मला खेळवत होता."

इरासी खुर्चीत बसली. मग उठली, भिंतीवरचा बाप्तिस्म्याचा फोटो काढला आणि कात्रीनं ओतोनिएलला त्यातून कापलं, पोराला धरलेले त्याचे हात तेवढे राहिले, कारण ते कापले असते तर पोरगंही कापलं गेलं असतं.

गावात खरं काय ते टँकरच्या रांगेला माहीत होतं, पण वरवंट्याच्या घरी जाऊन सांगायची कुणाची छाती नव्हती. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ओतोनिएल समोरून आला. इरासी थांबली आणि त्याच्या कुबडीवर थुंकली. "तुझ्या हातात दिला होता मी त्याला," ती म्हणाली.

ओतोनिएलनं थुंकी पुसली नाही. त्यानं आदेराल्दोकडे बघितलं. बोलायला त्याला पुरेसा वेळ दिला.

आदेराल्दोनं बायकोचा दंड धरला आणि म्हणाला, चल, जेवण निवतंय.