समोरच्या सीटचा पट्टा

अमरावतीला तहसीलसमोर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. एका दुपारी तेथे आलेल्या वयस्क गृहस्थांचे नाव मी हेतुपुरस्सर सांगत नाही. दिवंगत पत्नीच्या आवडीची लाल इटालियन गाडी मुलाच्या आग्रहावरून भंगारात काढण्यासाठी त्यांना अर्ज हवा होता. अर्ज वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही, हा माझा शिरस्ता.

"गाडीतच वाचा जी, तिलेबी आयकू द्या," ते म्हणाले. "पन तुमी मागं बसा."

समोरच्या रिकाम्या सीटवर त्यांनी पट्टा लावला आणि हळुवार थोपटला.

अकोला रस्त्याला लागताच गाडीचा स्वभाव पालटला. वेग चढला तसा इंजिनचा आवाज मोकळा होत गेला; वळणावर गाडी झुकली, पण तिने रस्ता सोडला नाही. गृहस्थ दोन बोटांनी स्टेअरिंग सांभाळीत होते.

"बाकीच्या गाड्या नुसत्या पोचवतात, हे गाडी बोलावते. वळण आलं का आमची बाई म्हने, दाबा नं आनखी!"

निंबाखाली थांबून त्यांनी किल्ली काढली. मी खणखणीत आवाजात वाचले, "सदर वाहन मोडीत काढण्यास कोणाचीही हरकत नाही."

गाडी निश्चल असताना तो पट्टा सावकाश ताणला गेला. बसलेल्या माणसाने मागे वळून पाहावे, तसा.

"मले वाटलंच होतं," असे म्हणून गृहस्थांनी अर्ज फाडला.

आजही 'कोणाचीही हरकत नाही' हे वाक्य लिहिण्यापूर्वी मी अर्जदाराच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून क्षणभर थांबतो.