पेटीवरची चादर

माझ्या धाकट्या भावानं अजगर आणला तेव्हा आई दारातच आडवी आली. "घरात त्ये ऱ्हाईल न्हायतर मी!" शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, आणि ह्यानं परदेशी जातीचा, कागदपत्रांसकट साप आणलेला. काचेची पेटी, अर्ध्या बुडाखाली तापणारी मॅट, ती आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट. सोलापुरात माणसं उन्हानं करपतात, आणि ह्याच्या सापाला हिवाळ्यात शेक हवा! "जावयाचे एवढे लाड करत नाहीत रे," मी चिडवायची. तो हसायचा आणि पुन्हा तेच बजावायचा. थर्मोस्टॅटच्या वायरचं टोक पेटीतच पाहिजे. बाहेर राहिलं तर त्याला खोलीचा गारवा लागतो, आणि मॅट बंदच होत नाही. सापाला पोटाखाली भाजलेलं वेळेवर कळत नाही, तो तिथंच पडून राहतो.

दिवाळीच्या तोंडावर मैंदर्गीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि भाऊ गेला.

साप कुणा जाणत्या माणसाला देऊन टाकू म्हटलं, तर आई अंगावरच आली. "त्याच्या हातचं एवढंच राहिलंय. हात तर लाव त्याला!" जेवणं झाली की ती पेटीपाशी बसायची. "पोट भरलं का रं?" भावाला विचारायची, अगदी तस्संच. माझ्याशी मात्र धड बोलत नव्हती. खरं सांगते, मला त्या सापाचा हेवा वाटायचा.

पौषात थंडी पडली. एका सकाळी उठून बघते तर पेटीभोवती भावाची चादर गुंडाळलेली, आपली सोलापुरी, जाडजूड. वायर बाहेर लोंबत होती.

"टोचत असंल की गं त्याला, म्हून काढली," आई चहा गाळत म्हणाली. "रातभर गारठलं असतं लेकरू."

मी चादर ओढली. काचेचा चटका बसला. अजगर मॅट असलेल्या बाजूलाच निपचित पडला होता, पोट भाजून लालभडक झालेलं. उचलला, तर हातात नुसता लोंबला.

मी काही गप्प बसणारी नव्हे. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. पण आई पदराला हात पुसत जवळ आली, खाली पडलेली चादर उचलली, झटकली. मी सापाच्या पोटाची बाजू माझ्याकडे वळवून घेतली.

"काय झालं गं? हलंना का?"

"गेला, आई."

"कशानं?"

"थंडीनं," मी म्हणाले. "लई थंडी होती की रात्री."

आई तिथंच खाली बसली. चादर छातीशी घट्ट धरली आणि भाऊ गेला तेव्हा रडली नव्हती इतकी रडली.

"वाटलं व्हतं गं मला," ती म्हणाली, "आणिक एक चादर घालाया पायजे व्हती."